मदत हवी आहे: इटालियन चित्रकार फ्रा आंजेलिकोच्या चित्रातली उलटी ओळ

पाटीपेन्सिल: उद्या सकाळी वर्गात दाखवायचंय, लवकर सांगा. गब्रिएल देवदूत आणि मरिया यांच्यामध्ये सोनेरी अक्षरं आहेत, त्यातली एक ओळ उलटी का? मागे आदाम-हव्वा कशाला? मरियेचा चेहरा हिरवट का?

खलबत्ता: कोणतं चित्र? येशू जन्माला येणार ही वार्ता देवदूत त्याच्या आईला, मरियेला देतो, हाच प्रसंग त्याने अनेकदा रंगवलाय. फळीवरचं की भिंतीवरचं?

उत्तररंग: आदाम-हव्वा आहेत म्हणजे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं, साधारण १४२५-२६ चं. तिरक्या सोनेरी झोतातलं कबुतर म्हणजे पवित्र आत्मा.

खलबत्ता: कबुतराचं कुणी विचारलंच नाही. आणि प्रादोच्या चित्रात दोघांमध्ये अक्षरं नाहीत. हे इटलीतल्या कोर्तोना गावचं, १४३३-३४ च्या सुमाराचं. आदाम-हव्वा तिथेही आहेत, पण डावीकडे वर टेकडीवर, अगदी लहान. खांबांची रांग नजर तिकडेच नेते. पहिली स्त्री हव्वा, तिने देवाची आज्ञा मोडली; मरियेने मानली. म्हणून दोन्ही प्रसंग एका चौकटीत.

उत्तररंग: मान्य, अक्षरांकडे लक्ष गेलं नाही. तरी वर्गासाठी फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातलं भित्तिचित्रच घ्या. सोनेरी अक्षरं नाहीत, गर्दी नाही. खाली लॅटिन ओळ आहे: कुमारीच्या चित्रापुढून जाताना ‘आवे’ (लॅटिनमध्ये नमस्कार) म्हणायला चुकू नका. जिन्याच्या तोंडाशीच आहे, जाता-येता दिसायचं.

पाटीपेन्सिल: फळीवरचं, कोर्तोनाच. चित्र बदलायला वेळ नाही. उलटी ओळ?

सोनपान: सोनं कसं लावतात तेही सांगा मुलांना. फळीवर सरस आणि जिप्समचे थर, घासून गुळगुळीत. त्यावर लाल चिकणमाती, ती ओलसर करून सोन्याचा वर्ख, मग अकीकाने घोटायचं. वर्ख झिजला की खालची लाल माती दिसते.

खलबत्ता: वरची आणि खालची ओळ देवदूताची, डावीकडून उजवीकडे. मधली मरियेची: ‘पाहा, मी प्रभूची दासी’. ती तिच्या तोंडून निघून देवदूताकडे जाते, म्हणून उजवीकडून डावीकडे. अक्षरं डोक्यावर उलटी अशासाठी की उत्तर देवाला आहे, त्याने वरून वाचावं, असा अर्थ लावतात. मधले काही शब्द खांबाआड गेलेत.

उत्तररंग: यान व्हान आयक या चित्रकाराच्या वॉशिंग्टनमधल्या चित्रातही तिचं उत्तर असंच उलटं आहे. ते मात्र तैलचित्र.

सोनपान: हिरवटपणाचं: टेम्पेरात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर देतात, त्यावर पांढरा-गुलाबी रंग बारीक रेघांनी. अंड्याचा बलक लगेच सुकतो, रंग एकमेकांत मिसळता येत नाहीत. वरचा थर सफाईत घासला गेला किंवा काळाने पारदर्शक झाला की हिरवा वर येतो. पण आधी फोटो तपासा. देवदूताचा चेहरा आणि पांढरे भागही हिरवट असतील तर दोष छपाईचा.

पाटीपेन्सिल: सगळंच हिरवट आहे. दुसरा फोटो शोधते.

खलबत्ता: मोठा घ्या. मधली ओळ कापून १८० अंश फिरवा, मुलांना सरळ वाचता येईल.