मदत हवी आहे : रंगीत फांद्यांच्या विलोची छाटणी जळगावच्या हवेत केव्हा करावी?

नमस्कार. जळगावजवळच्या आमच्या मळ्यात, पाटाच्या कडेच्या काळ्या जमिनीत, मी दोन वर्षांपूर्वी पिवळ्या आणि केशरी फांद्यांच्या विलो या थंड प्रदेशातल्या झाडाची चार रोपे लावली. त्यांचा रंग एका वर्षाच्या नव्या फांद्यांवरच खुलतो, म्हणून थंड प्रदेशात हिवाळा सरताना, डोळे फुटण्याआधी, ती बुंध्यालगत छाटतात. परंतु आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा कोवळे कोंब होरपळतात. छाटणी जानेवारीतच उरकावी, की पावसाळ्यापर्यंत थांबावे? मुळाशी केळीच्या वाळल्या पानांचे आच्छादन घातले आहे आणि त्याने ओल चांगली टिकते. नदीकाठचा आपला वाळुंजही विलोच्याच कुळातला. त्यावर या विलोचे कलम बांधून कोणी पाहिले आहे का? धुळे-नंदुरबारकडे ज्यांनी ही झाडे जगवली असतील, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.