जत्रेतला दशावतार फुकट बघायचा, मग कंपनीचं पोट कोणी भरायचं?

कुडाळकर_पुणे (धागाकर्ता)

दशावतार म्हणजे आमच्या तळकोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य. यंदा जत्रेला गावी गेलो होतो. ओट्या भरून झाल्या, पालखी फिरली, नाटक उभं राहायला बारा वाजून गेले. त्याआधी रंगपटात डोकावलो. रंगपट म्हणजे देवळामागची पडवी. खाली गोणपाट, पेटाऱ्यातला गणपतीचा मुखवटा मांडून त्याच्यापुढे निरांजन. स्त्रीपार्ट करणारा पन्नाशीचा माणूस वितभर आरशात बघून स्वतःच भुवया कोरत होता. बोलता बोलता म्हणाला, "लॉकडाऊनात दोन वर्सां चिरेखाणीर होतंय. परत काकणां भरूक मिळतीत असा वाटला नाय होता."

ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

दशावताराचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि चैत्र-वैशाखाचे प्रयोग गेले. 16 नोव्हेंबरला देवळं उघडली, तरी बऱ्याच जत्रा मोजक्या मानकऱ्यांतच उरकल्या. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप. कंपनी म्हणजे बारा-पंधरा माणसं, एक टेम्पो, पेटारे, शालू, तलवारी. मालक बहुतेक कर्जावरच उभा. सरकारने कलावंतांना एकदाच 5 हजार रुपये जाहीर केले, त्यात घर किती दिवस चालणार?

आता कंपन्या पुन्हा उभ्या राहिल्यात, पण त्या तिकिटावरच्या ट्रिकसीन (धूर-करामतींच्या) नाटकांवर आणि अनेक कंपन्यांचे नट एकत्र आणणाऱ्या 'संयुक्त दशावतारा'वर. जिथे हा खेळ जन्मला त्या जत्रेतली बिदागी मात्र सगळ्यात कमी. मंडपाला, रोषणाईला, डीजेला पैसे निघतात. रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाच्या वेळी मात्र "परंपरेने ठरलंय तेवढंच". माझं स्पष्ट मत: तिकीट लावू नका, पण घरटी वर्गणी काढून बिदागी वाढवा. ही गावाची जबाबदारी आहे.

झांजेचा_नाद

भावना पटते, हिशोब पटत नाही. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप. घरटी म्हणता, तर घरात आहे कोण? दोन म्हातारी माणसं, त्यांच्याकडून काय काढणार?

कंपन्या वाचवल्या त्या तिकिटाने. शाळेच्या मैदानात कनात मारून ट्रिकसीन लागलं की आजूबाजूच्या पाच गावांतली पोरं येतात. धुरातून नाग निघतो, राक्षसाचं मुंडकं उडतं, पोरं ओरडतात. तीच पोरं जत्रेत संकासुर (सुरुवातीच्या भागातला राक्षस) येईपर्यंत खाजं खाऊन घरी गेलेली असतात. संयुक्त प्रयोगात चार कंपन्यांचे चांगले नट एकत्र दिसतात आणि नाईट, म्हणजे एका रात्रीचं मानधनही, बरी मिळते. यात कमीपणा कसला?

वेंगुर्ल्याचो_झिल

कमीपणा नाही, पण काय गमावतोय ते तरी बघा. दशावताराला संहिता नसते. मालक संध्याकाळी आख्यान सांगतो, पार्ट वाटून देतो, आणि माणूस उभा राहून तासभर समोरच्याशी शब्दाला शब्द भिडवतो. एका बाकड्यावर कैलास, त्याच बाकड्यावर रावणाचा दरबार. लहानपणी मी एका राजपार्टीचा (राजाचं काम करणाऱ्या नटाचा) आणि नारदाचा वाद ऐकलाय. पायपेटीवालाही वाजवायचं थांबून ऐकत राहिला होता. ट्रिकसीनमध्ये धुराची वेळ ठरलेली, म्हणजे बोलणंही त्या आत उरकायचं. आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, तर बहुतेक तिकीट प्रयोगांत गाळतातच. गणपती नाही, संकासुर नाही, पहाटेचा दहीकाला नाही. मग त्याला पौराणिक नाटक म्हणा की, दशावतार कशाला म्हणता?

झांजेचा_नाद

@वेंगुर्ल्याचो_झिल, तो वाद ऐकायला रात्री तीन वाजता किती माणसं जागी होती? खरं सांगा.

वेंगुर्ल्याचो_झिल

चाळीसएक असतील. त्यांतला एक मी होतो. अजून विसरलेलो नाही.

मंगळूरस्थित

नोकरीमुळे दहा वर्षं इकडे आहे. इथल्या यक्षगानाकडे, म्हणजे किनारी कर्नाटकातल्या रात्रभराच्या लोकनाट्याकडे बघा. कटीलच्या दुर्गापरमेश्वरी देवळाचे स्वतःचे मेळे (नाटकमंडळ्या) आहेत. भाविक नवस म्हणून खेळ बोलतो, खर्च त्याचं घर उचलतं, बघणाऱ्याला फुकट. नंबर लागायला कित्येक वर्षं थांबावं लागतं. मेळा देवळाचा असल्याने दर हंगामाला कर्ज काढायची पाळी कलाकारावर येत नाही. आपल्याकडे नवसाला केळी ठेवतात, ओटी भरतात, तसं "यंदाचं नाटक आमच्याकडून" असं का बोलू नये?

पेटारा

माझ्या मामाची कंपनी होती, म्हणून बोलतो. नवसाचं नाटक मान्य. पण कंपनी देवळाच्या ताब्यात द्यायला माझा ठाम विरोध. आमच्याकडे अमुक देवळात अमुक कंपनी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, तो मालकाचा मान. देऊळ मालक झालं की गावातल्या दोन गटांचं भांडण आधी नाटकात शिरेल.

आणि "रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा" ही म्हण लोक कौतुकाने सांगतात, त्याचा मला राग येतो. मामा पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत चालत गेलाय. मान मोडायची त्याची. त्याच्या त्या हालांना म्हणे परंपरा!

तिकीट लावा, नवस बोला, यूट्यूबवर टाका, काहीही करा. पण नटाची नाईट आधी ठरवा आणि प्रयोग संपल्यावर त्याच पहाटे हातात द्या. हंगाम संपल्यावर हिशोब हे बंद व्हायला हवं.

पेडण्याची_लेक

आमच्याकडे याला कालो म्हणतात. बायका मुलांना मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतात, पण जत्रेच्या पैशांच्या बैठकीत एकही बाई नसते. बायकांना विचारलं असतं तर डीजेचे पैसे कधीच नाटकाकडे वळले असते, हे मी आमच्या वाड्याबद्दल खात्रीने सांगते. वर्गणीची गरजही पडली नसती.

कुडाळकर_पुणे (धागाकर्ता)

@पेटारा, बरोबर आहे. नाईट त्याच पहाटे, हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं.

@झांजेचा_नाद, बंद घरांचा मुद्दा मान्य. मग ती वर्गणी आम्हा बाहेर राहणाऱ्यांकडून घ्या. शिमग्याला सगळे गावी असतात, तेव्हा बैठकीत मांडतो. नवसाचं नाटकही मांडतो. जत्रेत तिकीट मात्र नको. देवळाच्या चौकात कनात मारून कोणाला बाहेर ठेवायचं?

झांजेचा_नाद

मांडा. पण बाहेरच्यांचा पैसा आला की शनिवार-रविवार बघून लवकर आटपणारं नाटक मागतील, आणि पहिला गळेल तो संकासुरच. त्यावर बैठकीत काय बोलणार, तेही ठरवून जा.