मदत हवी आहे: ट्रेलर ओढताना लांब उतारावर टो-हॉल मोडवर किती भरवसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला राहतो. यंदा जुना चोवीस फुटी कॅम्पर ट्रेलर घेतला. ओढायला व्ही-८ पेट्रोल इंजिनाचा पिकअप आहे, ऑटोमॅटिक. गाडी, ट्रेलर, सामान आणि आम्ही सहा जण मिळून वजन पाच टनांच्या घरात जातं. नाशिकहून आई-बाबा आलेत, म्हणून पहिली सहल डिलन तलावाची काढली.

आय-७० महामार्गावरून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा लागतो. उंची ११,१५८ फूट. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैल नुसता उतार, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. मी चढणीलाच टो-हॉलचं, म्हणजे जड ओझं ओढताना वापरायचं, बटण दाबलं होतं, पडद्यावर तशी खूणही दिसत होती. बटण दाबलंय म्हणजे गाडी आपली आपण आवरेल, अशी माझी समजूत. बोगद्यात ताशी ५० मैलांची मर्यादा पाळली, बाहेर आल्यावर गाडी ६५ वर कधी गेली ते कळलं नाही. मग ब्रेकवर हलका पाय ठेवला, तो पायथ्यापर्यंत काढलाच नाही. निम्म्या उतारावर आई मागून म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." शेवटच्या दोन मैलांत पेडल मऊ लागायला लागलं, नेहमीपेक्षा बरंच खाली जायला लागलं. उजवीकडे ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडीचा रॅम्प आहे. तिथे घुसावं का, हा विचार मनात येऊन गेला. मागे मुलं गाणी म्हणत होती.

खाली पंपावर थांबलो तर पुढच्या चाकांतून धूर. बाबा पाण्याची बाटली घेऊन ओतायला निघाले होते, त्यांना थांबवलं. तास-दीड तास तसेच बसून राहिलो. परतताना गिअर हाताने दुसऱ्यावर टाकून, ट्रकांच्या मागे ३५ ने कसाबसा घरी पोचलो. इंजिन इतकं ओरडत होतं की तेही जाईल असं वाटलं.

माझे मामा कसारा घाटात ट्रक चालवायचे. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, हे त्यांचं वाक्य लहानपणापासून ऐकलंय. पण त्यांच्या हातात गिअरचा दांडा होता, माझ्याकडे बटण आहे. हे बटण उतारावर नक्की काय करतं? इंजिन साडेचार हजार आरपीएमवर इतका वेळ ओरडलं तर बिघडतं का? आणि ब्रेक कसा दाबायचा, थोडा थोडा सतत की जोरात आणि मध्येमध्ये? पुढच्या महिन्यात व्हेल पासवरून ग्लेनवुडला जायचंय, आई-बाबा तेव्हाही सोबत असतील. कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पाणी ओतू दिलं नाहीत ते उत्तम केलंत, लालभडक तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो.

टो-हॉल मोड हा ब्रेक नाही. तो गिअर बदलण्याची वेळ बदलतो. चढताना वरचा गिअर उशिरा टाकतो, उतरताना खालचा गिअर धरून ठेवतो. बहुतेक पिकअपमध्ये उतारावर खालचा गिअर पडण्यासाठी तुम्हाला ब्रेक ठामपणे दाबावा लागतो, त्यातून गाडीला कळतं की वेग कमी हवाय. तुम्ही नुसता पाय टेकवून ठेवलात, तो इशारा पोचलाच नसावा. त्यात वेग ६५. तेव्हा दुसरा गिअर टाकला तर आरपीएम लाल पट्ट्याच्या पलीकडे जाईल, म्हणून संगणक तो टाकूच देत नाही. तेव्हा वेग उतार सुरू व्हायच्या आधी उतरवा. बोगद्यातून बाहेर पडतानाच ४५ वर या आणि गिअर हाताने धरा.

इंजिनाची काळजी करू नका. उताराला ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होतं, आतला जाळ थांबतो. लाल पट्ट्याच्या आत असेल तोवर ते ओरडणं त्याचं कामच आहे.

एक विचारायचं राहिलं. खाली थांबलात तेव्हा ट्रेलरची चाकं किती तापली होती?

प्रतिसाद २
मी इथे कमर्शियल लायसन्ससाठी शिकलो, तिथे शिकवलेलं सांगतो. आधी योग्य गिअर. मग सुरक्षित वेग ठरवा, समजा ४०. काटा ४० ला टेकला की ब्रेक चांगला दाबा, तीनेक सेकंदांत ३५ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. गाडी पुन्हा ४० ला पोचेपर्यंत ब्रेकला हवा लागते. पुन्हा तेच. सतत पाय ठेवला की पॅडला थंड व्हायला क्षणही मिळत नाही.

आकडा मांडून पाहिलात तर अंगावर येतो. पाच टन सहाशे मीटर खाली आणायचे म्हणजे साधारण आठ युनिट ऊर्जा. दोन किलोवॅटचा गीझर सलग चार तास चालवल्यावर जेवढी उष्णता निघते, तेवढी तुम्ही दहा मिनिटांत कुठेतरी घालवताय. थोडी वारा खातो, थोडी टायर. उरलेली इंजिनात नाही गेली तर सगळी ब्रेकमध्ये जाते.

आणखी एक, पेट्रोल इंजिनाचा अटकाव हवेच्या दाबावर चालतो. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद असताना सिलिंडर हवा ओढायला धडपडतात, त्यातून गाडी अडते. अकरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश असतो, म्हणून तिथे अटकावही कमी मिळतो. डिझेलला थ्रॉटलचा तो अडसर नसतो, म्हणून मोठ्या डिझेल पिकअपमध्ये वेगळा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) देतात. तुमच्याकडे तो नाही, तेव्हा वाटतो त्याहून एक गिअर खालीच राहा.

मूळ धागाकर्ता
पहिल्या प्रतिसादातला प्रश्न वाचून पोटात गोळा आला. ट्रेलरची चाकं गारच होती. तेव्हा मला ते चांगलं लक्षण वाटलं होतं!

आज संध्याकाळी कॉलनीमागच्या रिकाम्या सपाट रस्त्यावर २५ मैलांच्या वेगाने नुसता ट्रेलरच्या ब्रेकचा दांडा दाबून पाहिला. काही म्हणजे काही झालं नाही. गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ती सेटिंग, अगदी तळाला होता. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांनी तो कधी लावलाच नसेल, आणि मीही पाहिला नाही. वाढवत सहापर्यंत नेला तेव्हा उजवीकडचा ड्रम धरायला लागला, डावीकडचा अजून ढिम्म. म्हणजे त्या उतारावर ट्रेलर स्वतःचा अडीच टनांचा भार माझ्या पिकअपच्या चार चाकांवर टाकून मागून रेटत होता.

प्रतिसाद १
हेच कारण. ड्रम उघडून ब्रेक शू, ते दाबणारं चुंबक आणि वायरिंग तपासून घ्या, दोन्ही बाजू सारख्या धरल्या पाहिजेत. मग गेन पुन्हा लावा: चाकं जाम होण्याच्या किंचित आधीपर्यंत. सामान भरल्यावर परत तपासा. आणि पिकअपचं ब्रेक ऑइल आताच बदला. पेडल मऊ झालं म्हणजे ते बहुधा उकळलं. ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलं की १४० लाच.

मूळ धागाकर्ता
मेकॅनिककडे बुधवारची वेळ घेतली आहे. पॅड, डिस्क, ऑइल आणि ट्रेलरचे दोन्ही ड्रम. त्यानंतर मी एकटाच, रिकामा ट्रेलर घेऊन बोगद्यापर्यंत जाऊन उतरून येणार, ४५ ने सुरुवात करून, गिअर हाताने धरून. पायथ्याशी सगळी चाकं हात जवळ नेऊन पाहीन आणि इथे लिहीन. व्हेलचं बुकिंग तोवर थांबवलंय. आईला सांगितलं, ती म्हणाली मामाला फोन लाव.