संकेतस्थळाचा पत्ता बदलतोय : फीड आरएसएस २.० ठेवावी की ॲटम करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही काहीजण जुन्या दिवाळी अंकांतले लेख, लेखकांची किंवा वारसांची परवानगी घेऊन, टंकून संकेतस्थळावर चढवतो. आता डोमेन (संकेतस्थळाचं नाव) बदलणार आहे आणि फीडपाशी, म्हणजे नव्या लेखांची यादी पुरवणाऱ्या फाइलपाशी, गाडी अडली आहे. आमचे बरेच वाचक वयस्कर आहेत. घरातल्या कुणीतरी एकदा फीड रीडर (फीडमधले नवे लेख आपोआप आणून दाखवणारं ॲप) लावून दिलाय, ते त्यातूनच वाचतात. पत्ता बदलल्यावर सगळे जुने लेख 'नवीन' म्हणून त्यांच्यापुढे येऊन पडले, तर ताजा लेख त्यात सापडायचाच नाही.

सध्याची फीड आरएसएस २.० या मांडणीत आहे आणि प्रत्येक लेखाचा जीयूआयडी (रीडर ज्यावरून लेख ओळखतो ती खूण) म्हणजे त्याचा पत्ताच. डोमेन बदललं की तोही बदलणार.

थोडं वाचून काढलंय. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये आरएसएस ०.९० काढलं ते आरडीएफवर (माहिती यंत्राला कळेल अशी मांडायची एक पद्धत), त्याच वर्षी ०.९१ मध्ये आरडीएफ गाळलं. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने १.० काढून आरडीएफ परत आणलं, तर प्रोग्रामर डेव्ह वायनर यांनी ०.९१ चीच वाट पुढे नेत २००२ मध्ये २.० काढलं. म्हणजे आकड्यांवरून वाटतं तसं २.० हे १.० चं पुढचं रूप नाहीच. २००३ मध्ये २.० हार्वर्डच्या बर्कमन सेंटरकडे गेलं आणि तिथे गोठवलं गेलं. त्याच सुमारास सॅम रूबी या प्रोग्रामरने विकीवर नवी मांडणी सुरू केली. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या कार्यगटातून ती डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२८७ या मानक दस्तऐवजात ॲटम म्हणून बाहेर पडली.

ॲटमकडे माझा ओढा आहे तो भाषेमुळे. आमच्या अंकांत कोकणी लेखही आहेत. आरएसएसमध्ये भाषा अख्ख्या चॅनेलची, म्हणजे पूर्ण फीडची, एकच सांगता येते, ॲटममध्ये प्रत्येक नोंदीची वेगळी. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे नुसत्या लिपीवरून यंत्राला फरक कळणार नाही. शिवाय मजकूर साधा आहे की एचटीएमएल, हे ॲटममध्ये स्पष्ट लिहिता येतं. आरएसएसमध्ये मजकूर ज्यात जातो त्या डिस्क्रिप्शनमध्ये रीडरला अंदाज बांधावा लागतो.

पण आमच्याकडे अभिवाचनाच्या ध्वनिफितीही आहेत. त्यांचं काय करायचं? आणि जुन्या लेखांना ओळख कोणती द्यायची? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

जीयूआयडीला हात लावू नका. जुना पत्ता जसाच्या तसा राहू द्या, फक्त इझपर्मालिंक (जीयूआयडी हा उघडता येणारा पत्ता आहे का, ते सांगणारी नोंद) 'फॉल्स' करा. नवा पत्ता लिंकमध्ये जाईल. ॲटम केलंत तरी तीच अक्षरं आयडी म्हणून चालतात. लेख दुसरीकडे हलवला तरी आयडी बदलायचा नाही, असं आरएफसी ४२८७ मध्येच आहे. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलंत तरी ओळख मोडते, तुलना अक्षरागणिक होते.

ध्वनिफितींची फीड मात्र वेगळी काढा आणि ती आरएसएस २.० मध्येच ठेवा. पॉडकास्टची ॲप्स त्यातलं एन्क्लोजर, म्हणजे ध्वनिफितीचा पत्ता देणारा भाग, शोधतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! जुनं डोमेन सोडून दिल्यावरही त्याच्या नावाचा आयडी चालेल ना?

प्रतिसाद १

हो. तो पत्ता कुणी उघडून बघत नाही, ती फक्त खूण आहे. पण डोमेन लगेच सोडू नका. जुन्या फीडवर ३०१ ('पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारा सर्व्हरचा संकेत) लावून ठेवा, म्हणजे रीडर आपणहून नव्या पत्त्यावर येतील.