टेम्पो स्लोवर हलतो, रेस दिली की अडखळतो. तातडीने मदत हवी आहे

भांडुपकर (मंगळवार, रात्री १०:५०)
नमस्कार मंडळी. छोटा हत्ती आहे, २०१२ चा. पंधरा दिवस झाले, सिग्नलला उभा केला की अख्खी केबिन हलते, आरशात मागचं काही दिसत नाही इतकी थरथर. कधीकधी बंदच पडतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला रेस दिली की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम झटका मारून उचलतो. ऐरोली पुलाच्या चढावर मागचे हॉर्न मारत राहतात. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, काडीचा फरक नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन काम काढावं लागेल. १० तारखेला आरटीओत पासिंग (फिटनेस तपासणी) आहे. रोज पहाटे वाशी मार्केटला जावं लागतं, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

जुना_डिझेलवाला (रात्री ११:१५)
हवा घेतोय. डिझेलच्या लाइनमध्ये हवा आहे, दुसरं काही नाही. माझ्या पिकअपला हुबेहूब हेच होत होतं. इंजेक्टर केले, पंप केला, चार महिने गेले, आणि शेवटी टाकीपासून फिल्टरपर्यंतचा रबरी पाइप निघाला. क्लिपखाली बारीक चीर. बाहेर डिझेल गळत नाही, कारण तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे हवाच आत जाते. फिल्टरच्या पुढे वीतभर पारदर्शक पाइप लाव आणि इंजिन चालू ठेवून बघ, बुडबुडे दिसतील. पावसाळा आहे, फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणीही काढ. मग एकेका इंजेक्टरचा नट थोडा सैल करून बघ. ज्याचा सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही.

कांजूर_गॅरेज (रात्री ११:३२)
नट सैल करायचा सल्ला जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांनाच चालतो. कॉमन रेलवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाड्यांवर, कुणी हे करू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. हात गमावलेली माणसं आहेत.

आणि मुळात ही डिझेल आहे कशावरून? तो प्लग बदलले म्हणतोय.

जुना_डिझेलवाला (रात्री ११:३६)
डिझेललाही ग्लो प्लग असतात.

कांजूर_गॅरेज (रात्री ११:४१)
असतात, पण ते थंड इंजिन सुरू करायला. स्लोवर हलतो म्हणून कोणी ग्लो प्लग बदलत नाही.

भांडुपकर, लोक मागे हौदा असलेल्या प्रत्येक छोट्या टेम्पोला छोटा हत्ती म्हणतात. नक्की इंधन काय? इंजिनला सिलिंडर किती? थंड असताना जास्त हलतो की गरम झाल्यावर? पाऊस असला की वाढतं का? चेक इंजिनची लाइट पेटते का? एवढं आधी लिही, नाहीतर सगळे अंधारात दगड मारत बसतील.

भांडुपकर (बुधवार, दुपारी १:१०)
सीएनजी आहे. मला वाटलं मुंबईतला छोटा टेम्पो म्हणजे गॅसच, म्हणून लिहिलं नाही. मूळची पेट्रोल, चार सिलिंडर. गॅसचं किट मागच्या मालकाने बाहेरून बसवलंय. पाऊस असला की वाढतं हे खरं, पण कोरड्यातही होतं. गरम झाल्यावर जास्त हलतो. चेक लाइट कधी पेटलेली पाहिली नाही.

किट_फिटर_ठाणे (दुपारी १:२५)
मग प्रश्नच नाही, रिड्युसर गेला. गॅसच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाचा गॅस असतो, तो रिड्युसर दोन-अडीच बारवर आणतो. आतला पडदा कडक झाला किंवा तेल साचलं की स्लोला दाब वरखाली होतो आणि रेस दिल्यावर गॅस वेळेवर पोचत नाही. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडंथोडं गॅसबरोबर येतच असतं. रिड्युसरचं रिपेअर किट टाक, गॅस फिल्टर बदल, लॅपटॉप लावून गॅसचं प्रमाण सेट (मॅप) करून घे. मी दिवसाला दोन गाड्या अशा करतो.

कांजूर_गॅरेज (दुपारी १:४०)
रिड्युसर असू शकतो, पण आधी पेट्रोलवर चालवून बघू दे ना. पेट्रोलवर नीट चालला तर दोष गॅसच्या बाजूला. पेट्रोलवरही तेच झालं तर किटला हात लावायचं कारण नाही. पाच मिनिटांचं काम आहे. भांडुपकर, पेट्रोलवर कसा चालतो?

भांडुपकर (दुपारी २:०५)
पेट्रोल टाकीत नाही. पाचसहा महिने टाकलेलंच नाही. बटण दाबून धरून थेट गॅसवर सुरू करतो.

कांजूर_गॅरेज (दुपारी २:१२)
असं करू नका रे. इंजिन पेट्रोलवर सुरू होऊन थोडं गरम झालं की मग गॅसवर जातं, ते उगाच नाही. गॅसचा दाब उतरताना तो प्रचंड थंड होतो, म्हणून रिड्युसरमधून रेडिएटरचं गरम पाणी फिरवलेलं असतं. पाणी गरम व्हायच्या आधी गॅसवर ताणलं की रिड्युसरच्या पडद्याचं आयुष्य कमी होतं. शिवाय रिकाम्या टाकीत पेट्रोल पंप कोरडा फिरून जळतो.

तीन लिटर टाक आणि बघ. दुसरं, चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, चेक लाइट क्षणभर तरी पेटते का ते सांग.

मीरा_ठाणेकर (दुपारी ३:३०)
माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी सीएनजी टेम्पो विकून इलेक्ट्रिक घेतला. प्लग नाही, फिल्टर नाही, रात्री सोसायटीत चार्जिंग. २०१२ च्या गाडीवर किती खर्च करणार? एकदा हिशोब मांडून बघा.

भांडुपकर (दुपारी ४:०२)
ताई, गाडी वडिलांनी घेतलेली आहे आणि आत्ता नवीन हप्ता झेपणार नाही. चाळीत चार्जिंगची सोय नाही. मला हीच गाडी चालवायची आहे.

पासिंग_माहिती (संध्याकाळी ६:२०)
पासिंग १० ला आहे म्हणतोस. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, ते तुला ठाऊक असेलच. पण सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) झाली आहे का? दर तीन वर्षांनी करावी लागते आणि पासिंगला तिचं सर्टिफिकेट मागतात. सिलिंडरच्या प्लेटवरची तारीख बघ. किट आरसीवर चढवलेलं आहे ना? मागच्या मालकाने बसवलं म्हणालास म्हणून विचारतो.

भांडुपकर (संध्याकाळी ६:४५)
आरसीवर आहे. हायड्रो टेस्ट मार्चमध्ये केली.

रोज_रांगेत (संध्याकाळी ७:१०)
गॅसचा विषय निघालाच आहे तर विचारतो, मुलुंड-भांडुप पट्ट्यात रात्री रांग कमी कुठे असते? काल दीड तास उभा होतो. दाब कमी असला की टाकी अर्धीच भरते, दुसऱ्या दिवशी परत तेच.

किट_फिटर_ठाणे (संध्याकाळी ७:२२)
पहाटे तीन ते पाच. त्या वेळी पंपावर दाब बरा असतो.

भांडुपकर (गुरुवार, पहाटे १:५०)
तीन लिटर पेट्रोल टाकलं. सुरू व्हायला वेळ लागला पण झाला. पेट्रोलवर हलतो, थोडा कमी. झटकाही आहे, गॅसएवढा नाही. चेक लाइट चावी फिरवल्यावरही पेटत नाही. आता वाशीला निघतोय.

कांजूर_गॅरेज (सकाळी ९:१५)
दोन्ही इंधनांवर दोष आहे, म्हणजे मूळ दुखणं किटमध्ये नाही. चावी फिरवल्यावर लाइट पेटायलाच हवी. बल्ब काढलेला असणार, मागच्या मालकाने गाडी विकताना हे केलं असेल. स्कॅनर लावून कोड वाचून घे.

गॅसवर जास्त आणि पेट्रोलवर कमी, हे ठिणगी कमजोर असल्याचं लक्षण आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लग, प्लग वायर, कॉइल यात कुठेही कमतरता असली की आधी गॅसवर मिसिंग (मध्येच सिलिंडर न पेटणं) सुरू होतं आणि पेट्रोलवर झाकलं जातं. नवीन प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, किती ठेवलाय? गॅसवर ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. आणि प्लगबरोबर वायरी बदलल्या का?

किट_फिटर_ठाणे (सकाळी ९:४०)
मी अजूनही रिड्युसरवरच आहे. पेट्रोल सहा महिन्यांनी टाकलं, इंजेक्टरमध्ये चिकटा झाला असेल, म्हणून पेट्रोलवर हलतोय. दोन वेगळी दुखणी असू शकतात.

कांजूर_गॅरेज (सकाळी ९:५२)
असू शकतात, मान्य. पण आधी ज्याला खर्च नाही ते बघू.

भांडुपकर (सकाळी ११:३०)
वायरी बदलल्या नाहीत. गॅप माहीत नाही, डब्यातून काढून लावले.

स्प्रे_मार_बघ (दुपारी १२:०५)
इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांची) पॅकिंग फाटली असेल. इंजिन चालू ठेवून जोडावर कार्ब क्लीनरचा स्प्रे मार, जिथे मारल्यावर आवाज बदलतो तिथे हवा आत जातेय.

कांजूर_गॅरेज (दुपारी १२:११)
ज्या गाडीच्या वायरीतून ठिणगी उडत असेल अशी शंका आहे, तिच्यावर पेटणारा स्प्रे मारायला सांगू नका. तोच तपास साबणाच्या पाण्याने करता येतो.

भांडुपकर, आज रात्री निघण्याआधी हे कर. गाडी मोकळ्यावर, अंधारात उभी कर. आधी सगळ्या गॅस जोडांना साबणाचं पाणी लावून गळती नाही ना बघ. वास आला तर पुढचं काही करू नकोस, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद कर. सगळं ठीक असेल तर बॉनेट उघडून इंजिन चालू ठेव आणि प्लग वायरींवर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मार. हात वायरीला लावू नकोस. निळी ठिणगी वायरीतून बाहेर उडताना दिसली की समजायचं.

भांडुपकर (शुक्रवार, पहाटे २:२०)
दिसली! तिसऱ्या सिलिंडरची वायर जिथे लोखंडी पट्टीला टेकते तिथे टिकटिक आवाज आणि निळं लख्ख दिसलं. पाणी मारल्यावर इंजिन लगेच बंद पडायला आलं. वायरीचं रबर तिथे घासून पांढरं झालंय. गॅस गळती नाही.

जुना_डिझेलवाला (सकाळी ८:००)
शाब्बास. माझा अंदाज चुकला, पण शेवटी घासलेलं रबरच निघालं.

भांडुपकर (शनिवार, रात्री ९:३०)
कुर्ल्याला सीएसटी रोडवरून चारही वायरींचा सेट आणला. प्लगचा गॅप ०.९ होता, तो ०.७ केला. झटका पूर्ण गेला. आज ऐरोली पुलावर भाजी भरून तिसऱ्या गिअरला चढलो, किती दिवसांनी. सगळ्यांचे मनापासून आभार. पण गरम झाल्यावर सिग्नलला अजून हलतो. आधीपेक्षा कमी, पण हलतो. सकाळी थंड असताना अजिबात नाही.

किट_फिटर_ठाणे (रात्री ९:४५)
तेच सांगत होतो. रिड्युसर.

हेड_वाले_काका (रात्री १०:३०)
पहिल्यापासून वाचतोय. चाळीस वर्षं इंजिनच्या हेडची (वॉल्व्ह बसतात त्या वरच्या भागाची) कामं केली म्हणून लिहितो. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर हलतो, हे ऐकलं की मी आधी टॅपेट (वॉल्व्हला ढकलणारा भाग) बघतो. पेट्रोल-डिझेलमधल्या काही घटकांमुळे वॉल्व्ह आणि त्याच्या सीटला थोडं संरक्षण मिळतं, गॅस कोरडा जळतो. वर्षानुवर्षं गॅसवर चालवलं की एक्झॉस्टची सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. गरम झाल्यावर वॉल्व्ह लांबतो, उरलासुरला गॅपही संपतो, मग वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमधला दाब, गळतं. रेसमध्ये कळत नाही, स्लोला कळतं.

त्यातलं वाईट असं की न मिटणारा वॉल्व्ह सीटला टेकून थंड होत नाही, तो जळतो. मग खरंच हेड उतरवावं लागतं. इंजिन काम म्हणणाऱ्या मेकॅनिकला विचार, त्याने कॉम्प्रेशन मोजलं का? न मोजता काम काढू नकोस. इंजिन पूर्ण थंड असताना पुस्तकात दिलेल्या मापाने फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून टॅपेट सेट करून घे.

भांडुपकर (रात्री १०:४२)
त्याने काही मोजलं नाही, आवाज ऐकून म्हणाला. काका, हे काम किती वेळाचं?

हेड_वाले_काका (रात्री १०:५०)
कव्हर उघडून दोन तास. कव्हरची पॅकिंग नवी आणून ठेव, जुनी परत लावली की तेल गळतं. रात्रभर गाडी उभी हवी.

भांडुपकर (सोमवार, दुपारी ४:१५)
काल मार्केट बंद म्हणून गाडी उभी होती, आज सकाळी कांजूरला केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला गेजची सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जात नव्हती. सेट केल्यावर कॉम्प्रेशन मोजलं, चारही जवळपास सारखे आले. दुपारी मुद्दाम लालबहादूर शास्त्री मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर फिरवला. आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतोय. चेक लाइटचा बल्बही बसवला, मिसिंगचे जुने कोड होते, ते पुसले, परत आले नाहीत.

किट_फिटर_ठाणे (दुपारी ४:४०)
छान झालं. तरी गॅस फिल्टर बदल, मी आग्रहाने सांगतो. आणि सकाळी पेट्रोलवरच सुरू कर.

भांडुपकर (दुपारी ४:४८)
फिल्टर पासिंगच्या आधी बदलतो. पेट्रोल आता टाकीत ठेवलंय.

हेड_वाले_काका (संध्याकाळी ६:०५)
पाच हजार किलोमीटरनंतर गॅप परत बघ. तेवढ्यात पुन्हा बंद झाला असेल तर सीट वेगाने झिजतेय, तेव्हा हेड उतरवून कडक सीट बसवाव्या लागतील. तसाच राहिला तर गाडी अजून बरीच वर्षं चालेल. जे निघेल ते इथे लिही, गॅसवाल्या बाकीच्यांनाही कळेल.

भांडुपकर (संध्याकाळी ६:३०)
लिहितो काका. आत्ताच्या किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवलाय.