प्रेमाच्या नात्याने स्वतःकडे पाहण्याची नजर बदलली का? अनुभव लिहा

धागाकर्ती: लातूरला नीटची तयारी करणाऱ्या भाचीच्या खोलीवर गेले होते. मित्राचे उत्तर येईना, तेव्हा पुस्तक मिटून ती म्हणाली, "मावशी, माझ्यातच काहीतरी कमी असणार." ते ऐकून विद्यापीठातले माझे दिवस आठवले. आमचे नाते तुटल्यावर दुःखापेक्षा गोंधळ मोठा होता, कारण कोणते गाणे, कोणता रंग, कोणती भाजी मला स्वतःला आवडते, हेच सांगता येत नव्हते. स्लॉटर, गार्डनर आणि फिंकेल यांच्या २०१० सालच्या संशोधनात नेमके हेच आढळले: नाते तुटले की 'मी कोण' याचे उत्तर धूसर होते आणि त्यातून मनाचा त्रास वाढतो.

कोरडवाहू, बीड: आमचे दोघांचे जमले होते. तिच्या वडिलांनी एवढेच म्हटले, "पोरगा चांगला आहे, पण नोकरी असती तर दिली असती." त्यानंतर सोयाबीन चांगले आले तरी मला आपण नापास झाल्यासारखेच वाटत राहिले, मित्रांच्या लग्नांना जाणेही बंद केले.

समुपदेशिका, अंबाजोगाई: दादा, नकार नोकरी नसण्याला होता आणि तो तुम्ही स्वतःवर घेतलात, हे वाचून वाईट वाटले. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये मांडले की आत्मसन्मान हा लोक आपल्याला स्वीकारतात की नाही हे दाखवणारा, मीटरच्या काट्यासारखा मनातला काटा आहे. म्हणजे काटा खाली येणे स्वाभाविक आहे, पण त्यावरून माणसाची किंमत ठरत नाही. झोप, जेवण बिघडले असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आडतवाली, जालना: माझे उलट घडले. "सावळी आहे, पण कामाची आहे" असे ऐकतच मी वाढले. लग्नानंतर यांनी मोंढ्यातल्या दुकानाची खातेवही माझ्यापुढे ठेवली आणि हमाल-मापाड्यांसमोर सांगितले, "हिशेब बाईंनाच विचारायचा." आपल्याला जसे व्हावेसे वाटते त्या रूपाकडे जोडीदार आपल्याला नेतो, याला मायकेलअँजेलो परिणाम म्हणतात, असे नंतर वाचले.

कोरडवाहू, बीड: ताई, तुम्हाला ते लगेच पटले का?

आडतवाली, जालना: नाही, भाऊ. पाहुणे जमले की फोटोत मी अजूनही मागच्या रांगेत उभी राहते. मात्र मालाच्या हिशेबाच्या पट्टीत चूक निघाली तर यांनाही सर्वांदेखत सांगते.