जुना डिझेल पिकअप: इंजिन कसं पारखायचं?

प्रश्न: १० वर्षं जुना पिकअप बघून आलो. पोचलो तेव्हा इंजिन गरमच होतं. मालक म्हणे, "तुमच्यासाठीच चालू करून ठेवलं." हाफ सेल्फला, म्हणजे चावी जरा फिरवताच चालू झाला. घेऊ का?

उत्तर १: गरम करून ठेवलं, तिथेच मला शंका येते; गार इंजिन चालू होताना दिसणारा त्रास त्यात लपतो. न सांगता सकाळी जा, बॉनेटला हात लावा, गार असेल तरच चावी फिरवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थांबेचना, तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) यात बिघाड. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. भकाभका धूर आला तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलचं असतंच.

उत्तर २: खाली झोपून चासी बघा. ताजा काळा रंग दिसला की खाली गंज लपवलाय का, ते स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

प्रश्नकर्ता: उद्याच जातो, जुने कपडे घालून.